निळा आधी पाण्याने, हिरवा मागाहून अल्कोहोलने

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका बहीण-भावाचा प्रश्न आहे. घरामागे स्पिरुलिनाचे दोन हौद आहेत. आजवर शेवाळ वाळवून भुकटी विकली, आता त्यातून नैसर्गिक रंग काढायचे आहेत. हेक्झेन आणि ॲसिटोन ही कारखान्यांतली नेहमीची रसायनं वापरायची नाहीत, ‘हरित द्रावक’ हवा, म्हणजे रंग विरघळवून घेणारा पण माणसाला आणि निसर्गाला कमी त्रास देणारा द्रव. डीप युटेक्टिक द्रावकांबद्दल (घन पदार्थ एकमेकांत मिसळून बनणाऱ्या द्रवांबद्दल) वाचलंय, ते घ्यावेत का? शिवाय बहिणीने नुसत्या पाण्यात काढलेला सुंदर निळा रंग खिडकीत ठेवला होता, तो आठ दिवसांत फिका का पडला?

‘हेक्झेन नको’ हे तुम्ही स्वतःहून ठरवलंत याचा मला फार आनंद झाला. मी बावीस वर्षं रंग आणि अर्क काढण्याच्या कामात होते, त्यातली बरीचशी मिरचीचा अर्क काढणाऱ्या एका कारखान्यात. तिथे हेक्झेन चालायचं. एका टाकीच्या झाकणाची गॅस्केट झिजली होती आणि पाळीवर तिथेच उभा राहणारा एक कामगार पायांना मुंग्या येतात म्हणू लागला. पुढे पायातली चप्पल निसटली तरी त्याला कळेना. हेक्झेनचं शरीरात २,५-हेक्झेनडायोन बनतं आणि ते हातापायांच्या नसा मारतं, हे मला तेव्हा पुस्तकातून पाठ होतं. तरी गॅस्केट बदलल्याशिवाय टाकी चालू करू नका, असा हट्ट मी धरला नाही. ते मला आजही बोचतं. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

पण द्रावक ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी कोणता रंग हवा ते ठरवा. मग माल ओला घेणार की सुका, आणि पेशी कशी फोडणार ते. एवढं पक्कं झालं की द्रावक बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

रश्श्यावरचा कट आठवा. मिरचीचा लाल रंग तेलात उतरून वर तरंगतो, खालचं पाणी त्या मानाने फिकं राहतं. बीटाचं उलट आहे, त्याचा रंग पाण्यात जातो आणि तेलाला शिवत नाही. स्पिरुलिनाच्या एकाच पेशीत हे दोन्ही स्वभाव शेजारी नांदतात. निळा फायकोसायनिन हा प्रथिनाला घट्ट जोडलेला रंग, तो पाण्यात उतरतो. हिरवं क्लोरोफिल आणि पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइडं तेलाच्या जातीची, ती पाण्यात येत नाहीत. म्हणून क्रम एकच: आधी पाणी, मग अल्कोहोल. उलट केलंत तर अल्कोहोलने प्रथिन गोठतं आणि निळा रंग कायमचा जातो. शिकाऊ मुलं नेमकी हीच चूक करतात. हिरवा रंग आधी धुऊन काढू, मग निळा स्वच्छ मिळेल असं त्यांना वाटतं, आणि हाती राखाडी चोथा येतो.

निळ्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमच्याकडे आज जे आहे त्यातून निघणारा खरा किमतीचा माल तोच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये गोळ्या-चॉकलेटं आणि च्युइंग गम यांसाठी स्पिरुलिनाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून नैसर्गिक निळ्याची मागणी वाढत गेली. निसर्गात खाण्याजोगा निळा मुळातच दुर्मीळ.

आधी सुकवण्याचा विचार करू. वस्त्रातून दाबून काढलेल्या लगद्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. एक किलो भुकटीसाठी पाच किलो लगदा लागतो, म्हणजे चार किलो पाणी उडवावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. चार किलोंचा हिशेब नऊ हजारांच्या वर जातो, म्हणजे अडीच युनिट वीज, तीही यंत्राने काही वाया घालवलं नाही असं धरून. एवढा खर्च करून तुम्ही भुकटी बनवणार आणि रंग काढायला परत पाण्यातच भिजवणार! त्यात उन्हात किंवा गरम हवेत सुकताना निळ्याचा मोठा वाटा मरतो तो वेगळाच. खानापूरच्या पावसाळ्यात तर सुकवणं म्हणजे रोजची लढाई. रंगासाठी लगदा ओलाच वापरा. अट एकच, तो काढल्यापासून काही तासांत कामाला लागला पाहिजे किंवा गोठवला पाहिजे. उन्हाळ्याच्या दुपारी तासाभरात त्याला वास यायला लागतो.

गोठवण्यात एक फायदा दडलेला आहे. स्पिरुलिना म्हणजे खरं तर नीलहरित जिवाणू, त्याची भिंत नाजूक असते. घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर गोठवा, खालच्या कप्प्यात ४ अंशांच्या आसपास हळूहळू वितळू द्या, असं तीन-चार वेळा करा. बर्फाचे स्फटिक भिंती फोडतात आणि निळा आपसूक बाहेर येतो. मिक्सर किंवा अल्ट्रासाउंडने हेच काम मिनिटांत होतं, पण मला ते फारसं पटलेलं नाही. जोर जास्त झाला की आतल्या हिरव्या पडद्यांचे बारीक कण सुटतात आणि निळा अर्क मोरपंखी होतो. ते कण इतके सूक्ष्म असतात की कापडातून गाळून काही उपयोग होत नाही. शिवाय मिश्रण तापतं, आणि साधारण ४५ अंशांच्या पुढे हा रंग टिकत नाही.

पाणी किती? सुक्या वजनाच्या पंचवीसपट धरा. लगद्यातलं पाणीही त्यातच मोजा. सामू (पीएच) ६ ते ७ ठेवा. हौदातल्या पाण्याचा सामू ९ ते १०.५ असतो, तेव्हा लगदा आधी स्वच्छ पाण्याने नीट धुतलाच पाहिजे, नाहीतर सगळा सोडा अर्कात येतो. प्रयोगशाळेत सामू स्थिर ठेवणारं फॉस्फेटचं बफर वापरतात. खाद्यरंगासाठी उकळून थंड केलेलं किंवा आरओचं पाणी, आणि गरज पडली तर लिंबूसत्वाची चिमूट, एवढं पुरतं. लिंबूसत्व जपून घाला. सामू ४.५ च्या आसपास गेला की प्रथिन फुटलेल्या दुधासारखं साकळतं. ढवळून चार तास थंड जागी ठेवा आणि मग सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने गरगर फिरवून गाळ खाली बसवा. सेंट्रिफ्यूज नसेल तर रात्रभर फ्रिजमध्ये स्थिर ठेवून वरचं हळुवार काढून घ्या. इथे तुमचा द्रावक आहे नुसतं पाणी. त्याहून हरित काही बाजारात मिळत नाही.

रंग जिवंत आहे की नाही हे ओळखायची एक साधी खूण सांगते. ताजा निळा अर्क पांढऱ्या काचेच्या ग्लासात घ्या आणि उन्हात बाजूने पाहा. त्यातून द्राक्षासवासारखी लालसर झाक येते. फायकोसायनिन प्रकाश शोषून लाल प्रकाश परत फेकतं, त्याची ती चमक. प्रथिनाची घडी विस्कटली की निळा वरवर दिसत असला तरी ती चमक जाते. मी पाठवणीला निघालेल्या कित्येक बाटल्या फक्त ही खूण पाहून थांबवल्या आहेत.

नजर मात्र फसते, म्हणून मोजमाप हवंच. जवळच्या एखाद्या विज्ञान महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रव किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र, असतोच, विनंती केली तर तासभर मिळतो. ६१५ आणि ६५२ नॅनोमीटरला शोषण मोजा. बेनेट आणि बोगोराड यांचं १९७३ चं सूत्र आजही चालतं: दुसऱ्या आकड्याला ०.४७४ ने गुणा, पहिल्यातून वजा करा, उत्तराला ५.३४ ने भागा. हाती येतं ते एका मिलिलीटरमधलं फायकोसायनिन, मिलिग्रॅममध्ये. समजा वीसपट पातळ केलेल्या नमुन्याचे आकडे ०.८० आणि ०.२० आले. उत्तर ०.१३२, विसाने गुणलं की २.६४. एका ग्रॅम सुक्या मालाला २५ मिलिलीटर पाणी घेतलं असेल तर ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ६.६ टक्के. ताज्या लगद्यातून १० टक्क्यांच्या पुढे जाता येतं. ६२० आणि २८० च्या शोषणांचं गुणोत्तर शुद्धता सांगतं. ०.७ च्या वर असेल तर खाद्य दर्जा, ४ च्या पुढे गेलं तर प्रयोगशाळेचा दर्जा. ४ च्या मागे लागू नका. त्यासाठी अमोनियम सल्फेटने प्रथिन बसवावं लागतं आणि मागे खारट पाण्याच्या बादल्या उरतात. त्या हौदात ओतल्या तर तिथल्या सामूला अमोनिया सुटतो आणि शेवाळ मरतं.

आता हिरवा रंग. निळा काढून उरलेला चोथा टाकू नका. त्यात क्लोरोफिल आणि कॅरोटिनॉइडं जवळपास तशीच असतात, आणि ती काढायला लागणाऱ्या अल्कोहोलसाठी, म्हणजे इथेनॉलसाठी, आपल्या जिल्ह्यासारखा दुसरा जिल्हा शोधून सापडणार नाही. बेळगाव म्हणजे ऊस, उसामागून मळी, आणि मळीतून इथेनॉल. गाळपाच्या दिवसांत चिकोडी-रायबागच्या वाटेवर डिस्टिलरीचा तो आंबूस वास सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हेक्झेन खनिज तेलातून येतं, इथेनॉल आपल्या शेतातून. पण एवढ्यावर त्याला हरित म्हणून मोकळं होता येत नाही.

पहिली गोष्ट उष्णतेची. एक किलो हेक्झेन उडवायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात, एक किलो इथेनॉलला सुमारे ८४०. म्हणजे इंधन अडीचपट. दुसरी गोष्ट पाण्याची. एक किलो ओल्या चोथ्यात ८०० ग्रॅम पाणी असतं. त्यावर ९६ टक्क्यांचं पाच लिटर इथेनॉल ओतलं की ते घसरून ८३ टक्क्यांच्या आसपास येतं. पाणी वाढलं की कॅरोटिनॉइडांतलं बीटा-कॅरोटीन सगळ्यात आधी हात आखडतं. गाळून परत मिळवलेलं अल्कोहोल दरवेळी थोडं अधिक पाणचट होत जातं, आणि साध्या ऊर्ध्वपातनाने ते ९५-९६ टक्क्यांच्या पुढे कधीच जात नाही. म्हणून चोथा दाबून, सावलीत पसरून निम्मं पाणी घालवा आणि मगच अल्कोहोल घाला.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. त्या एक किलो चोथ्यात सुका माल २०० ग्रॅम. क्लोरोफिल साधारण एक टक्का धरलं तर हाती येणार २ ग्रॅम. पाच लिटर इथेनॉल म्हणजे चार किलो. त्यातलं १० टक्के जरी उडून, सांडून, चोथ्यात अडकून गेलं, तरी ४०० ग्रॅम गेलं. एका ग्रॅम रंगामागे २०० ग्रॅम द्रावक वाया! हेच नुकसान २ टक्क्यांवर आणलंत तर ४० ग्रॅम. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये एक किलो मालामागे किती किलो कचरा झाला हे मोजायची पद्धत मांडली, त्याच धर्तीचा हा हिशेब आहे. द्रावक उसाचा की खनिज तेलाचा यापेक्षा परत किती आला हा आकडा मला जास्त सांगून जातो. कोणी ‘आमची प्रक्रिया हरित आहे’ म्हणालं की मी आधी त्यांच्या कंडेन्सरला, म्हणजे द्रावकाची वाफ थंड करून परत द्रव करणाऱ्या भागाला, थंड पाणी कुठून येतं ते बघते.

कायद्याचंही सांगते, कारण आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर राहतो. इथेनॉल अबकारी खात्याच्या अखत्यारीत येतं, साठवायला आणि वापरायला परवाना लागतो. शिनोळी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, पण ते महाराष्ट्रात. तिथे कोणाकडे स्पिरिट स्वस्त मिळतंय म्हणून कॅन गाडीत टाकून आणलात तर तो सरळ गुन्हा. डिनेचर्ड स्पिरिट तर खाद्यरंगाला मुळीच नको, कारण ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी किंवा कडू पदार्थ घातलेले असतात आणि रंग आटवताना त्यातले काही मागेच राहतात. तुमच्या टप्प्यावर मी म्हणेन, स्वतः परवान्याच्या मागे लागू नका. चोथा गोठवून साठवा आणि ज्यांच्याकडे परवाना, बंद यंत्रणा आणि कंडेन्सर आहे त्यांच्याकडून मजुरीवर हिरवा काढून घ्या. शिवाय ९५ टक्के इथेनॉलची वाफ १७ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. थंडीतली पहाट सोडली तर आपल्या खोल्या वर्षभर त्यापेक्षा गरम असतात. स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी हा प्रयोग कोणत्याही परिस्थितीत करू नका.

हिरव्याचा स्वभावही माहीत असू द्या. आम्लात क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. चिंच घातलेली पालेभाजी काळपट पडते ती यामुळेच.

तुम्ही ज्याबद्दल मुद्दाम विचारलंत त्या डीप युटेक्टिक द्रावकांची कल्पना मला मनापासून आवडते. आजीच्या कपाटातली अमृतधारेची बाटली आठवा. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल, तिन्ही कोरडे खडे. एकत्र केले की काही न घालता पाणी होतं. तेच तत्त्व. २००३ मध्ये ॲबट आणि सहकाऱ्यांनी कोलीन क्लोराइड आणि युरिया एकास दोन प्रमाणात मिसळून दाखवलं. एक ३०० अंशांच्या वर वितळणारा, दुसरा १३३ अंशांना, आणि मिश्रण १२ अंशांनाच पातळ. या जातीचे द्रावक सहसा उडत नाहीत, सहजी पेटत नाहीत, त्यांना अमृतधारेसारखा वासही नसतो. अडचण तिथेच आहे. जो उडत नाही तो रंगातून काढणार कसा? काकवीसारखा दाट द्रव, त्यात रंग अडकलेला. मग पाणी ओता, रंग धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या दाण्यांवर चढवा, परत धुवा, आणि त्या धुण्यासाठी बहुतेक वेळा इथेनॉलच लागतं. ग्लिसरीन किंवा साखरेपासून केलेलं मिश्रण रंगासकट थेट मलमात किंवा साबणात जाणार असेल तर जरूर वापरा. भुकटीच्या रूपात खाद्यरंग विकायचा असेल तर आज हा रस्ता तुमचा नाही.

बाकीचे झटपट. इथाइल लॅक्टेट छान, पण १५४ अंशांना उकळतो, तोवर रंग जळतो. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन १७६ अंशांना, आणि वास जाता जात नाही. २-मिथाइलऑक्सोलेन चिपाडापासून बनतो, ८० अंशांना उकळतो, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याला खाद्य अर्कासाठी मान्यता दिली. हेक्झेनची जागा घेईल तर तोच असं मला वाटतं. मात्र साठवणीत त्यात स्फोटक पेरॉक्साइडं तयार होतात, त्यामुळे घरगुती कामाला तो नको. आयनिक द्रवांना, म्हणजे कमी तापमानालाही द्रव राहणाऱ्या क्षारांना, सरसकट हरित म्हणू नये, त्यांतले काही जलचरांना घातक आहेत.

लाल-नारिंगी रंगांचा मोह तुम्हाला होणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. अस्टाझँथीन हा लाल रंग देणारं हिमॅटोकोकस हे शेवाळ २० ते २५ अंशांत वाढतं, उघड्या हौदात त्यावर बुरशी पडते, आणि लाल झाल्यावर त्याची भिंत इतकी जाड होते की मणी घालून दळल्याशिवाय कोणताच द्रावक आत शिरत नाही. मोठे कारखाने त्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात. ३१ अंश तापमान आणि ७४ बार दाब यांच्या पुढे तो वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो, दाब सोडला की मागे काही ठेवत नाही. काम फार सुंदर होतं, पण प्रत्यक्षात ३००-४०० बारचा दाब लागतो आणि ते यंत्र तुमच्या-माझ्या ऐपतीबाहेरचं आहे. गंमत म्हणजे आंबवताना एक किलो इथेनॉलमागे जवळपास तेवढाच, ९६० ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या जिल्ह्यातल्या डिस्टिलऱ्यांशेजारी असा एखादा प्रकल्प उभा राहिलेला पाहायची माझी खूप इच्छा आहे.

बीटा-कॅरोटीन देणाऱ्या ड्युनालिएला या शेवाळाला समुद्राच्या कितीतरी पट मीठ लागतं. अथणी-रायबागकडच्या क्षारपड जमिनी पाहून तो विचार अनेकांच्या मनात येतो, पण तिथल्या मातीतले क्षार म्हणजे तसं मिठागर नव्हे. तरी कधी तो माल हाती आलाच, तर साधं खाद्यतेल हाच उत्तम द्रावक. ड्युनालिएलाला कडक भिंत नसते. करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात घोटा, रंग तेलात उतरतो आणि तेलासकट विकता येतो, उडवायला काहीच नाही. शेंगतेल टाळा, शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे लोक असतात.

विकण्याबद्दल दोन गोष्टी. वडगाव-शहापूरच्या विणकरांना निळा दाखवू नका, हा रंग धुण्यात टिकत नाही आणि एकदा फसलेला माणूस पुन्हा नैसर्गिक रंगाचं नाव काढत नाही. कुंद्यासारख्या तासभर आटवायच्या मिठाईतही तो जगणार नाही, कोकम-लिंबाच्या सरबतात साकळेल. आइस्क्रीम, केकवरचं क्रीम, थंड केलेल्या बर्फीवरचा थर, ही त्याची जागा. विकण्याआधी परवानगी असलेल्या रंगांची चालू यादी पाहा आणि शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा व जंतू यांची तपासणी करून घ्या. शेवाळ पाण्यातले जड धातू ओढून धरतं, म्हणून हौदाच्या बोअरवेलचं पाणीही त्याच वेळी तपासा.

आता ताईंची खिडकीतली बाटली. तिथे एकाच वेळी तीन शत्रू होते: उजेडाने रंगाचा रेणू मोडला, दुपारच्या उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडली, आणि गाळलेल्या अर्कात उरलेल्या जंतूंनी ते प्रथिन खाल्लं. यातला कोण किती दोषी ते घरीच कळेल. एकाच दिवसाच्या अर्काच्या चार बाटल्या करा. एक पहिल्यासारखी खिडकीत. दुसरी तिथेच, पण काळ्या कागदात गुंडाळून. तिसरी फ्रिजमध्ये अंधारात. चौथीत अर्काच्या वजनाइतकी साखर विरघळवा आणि तीही कागदात गुंडाळून खिडकीत ठेवा. दाट साखरेत हे प्रथिन उष्णतेला बरंच जास्त तग धरतं आणि जंतूंनाही आळा बसतो. साखरेची आपल्याकडे काय कमी! दर दोन दिवसांनी ६२० नॅनोमीटरचा आकडा आणि ती लालसर चमक, दोन्ही वहीत लिहा. साखरेची बाटली दहाव्या दिवशीही चमकत असेल, तर भुकटीचा नाद सोडून सरळ निळा पाक विकायचा विचार करा.